खुर्चीची खंडेनवमी

प्रेमाअक्कांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती : खुर्ची. पुढारी जिच्यासाठी जीव टाकतात ती नव्हे. साधी, प्लास्टिकची, चार पायांची. स्वतःच्या दोन पायांवरचा त्यांचा विश्वास केव्हाच उडाला होता.

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या एका खासगी विज्ञान संग्रहालयात त्या डायनासोरांच्या दालनात माहिती सांगत. नवरा सरकारी कारखान्यातून निवृत्त होऊन घरी आडवा झाला होता. अक्का मात्र उभ्याच. दालनाच्या मधोमध, एकाच खडकात सापडलेल्या दोन डायनासोरांच्या सांगाड्यांची हुबेहूब प्रतिकृती होती. एक मांस खाणारा, एक पाला खाणारा, आणि पहिल्याचा पाय दुसऱ्याच्या मानेखाली अडकलेला. ते खरंच भांडत होते, की अंगावर वाळू कोसळून सोबत गाडले गेले, यावर जाणकारांचं एकमत नव्हतं. पण सहलीच्या पोरांना झुंज हवी असते. समोरच्या भिंतीवरचं बटण दाबलं की डरकाळी येई, आणि अक्का झुंज सांगत. सकाळच्या झुंजीत रक्ताचे पाट वाहत. संध्याकाळपर्यंत दोन्ही जनावरं एकमेकांना जेमतेम ढकलत.

"सात कोटी वर्षं ते दोघे मस्त पडून आहेत," अक्का घरी म्हणत, "इथे तुम्ही पडून आहात. उभी कोण? मी!"

व्यवस्थापक जितेंद्र पुण्याहून आलेला, कोरमंगलात राहणारा उत्साही तरुण. आल्या आल्या त्याने दालनातली खुर्ची उचलून बाहेर फाटकावर नेऊन टाकली होती.

"अक्का, ॲम्बियन्स जातो ना. एवढा थरार चाललाय आणि शेजारी कुणीतरी बसून जांभई देतंय!"

"अरे, उभ्यानेही जांभई येतेच की. स्वल्प बसू दे रे."

"प्लीज, अक्का. माझं ऐका."

अक्कांनी ऐकलं. गुडघ्यांनी ऐकलं नाही.

मग खंडेनवमी आली. बंगळुरात त्या दिवशी चाकू-कात्रीपासून बसपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. 'प्रत्येकाने आपापलं कामाचं साधन पूजेला मांडावं,' असं जितेंद्रनेच सगळ्यांना कळवलं. इलेक्ट्रिशियन गुरुप्रसादने तर जे जे हललं नाही त्याला झेंडू बांधला. प्रोजेक्टर, लादी पुसायचं यंत्र, तिकिटाचा संगणक, डरकाळीचं बटण, सगळं सजलं.

"अक्का, तुमचं साधन?" त्याने विचारलं.

अक्कांनी फाटकावरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "ती आण. डायनासोरांसमोर मांड."

"सरी, अक्का." गुरुप्रसादने लगेच मान डोलावली, खुर्ची आणली आणि चारही पायांना कुंकू लावून पाठीवर हार घातला.

जितेंद्र धावत आला. "हे काय? उचला ती!"

"पुजलेलं साधन?" गुरुप्रसादने कानाला हात लावले. "मी नाही सर. तुम्ही उचला."

जितेंद्रने हात पुढे केला, कुंकवाकडे पाहिलं, आणि तोच हात केसांतून फिरवला. एकट्याने नवमीचा कोप ओढवून घ्यायची त्याची तयारी नव्हती. "बरं, राहू दे," तो पुटपुटला.

अक्का समाधानाने खुर्चीकडे वळल्या.

"अक्का!" गुरुप्रसाद ओरडला. "पूजा झालीय. आज वापरायचं नाही. उद्या!"

तो नियम अक्कांना चांगला पाठ होता. आनंदात विसरल्या होत्या, एवढंच. मग त्या दिवसभर स्वतःच्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या. सुट्टीची गर्दी चिकार, संगणक पूजेत म्हणून तिकिटंही हातानेच फाडलेली. एका आजोबांनी खुर्चीला नमस्कार केला आणि पुढे जाऊन डायनासोरांनाही केला.

दसऱ्याच्या सकाळी अक्कांनी सुकलेला हार काढला आणि बसल्या. गुडघे कुरकुरले, मग गप्प झाले. तेवढ्यात पोरांचा घोळका आला.

"आजी, बटण दाबा ना! फाइट सांगा!"

बटण समोरच्या भिंतीवर होतं. अक्कांनी त्या अंतराचा विचार केला, मग खडकातल्या त्या दोघांकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण यांना उगाच लढवत ठेवलं, असं त्यांना वाटून गेलं.

"फाइट होती की नव्हती, कुणालाच नक्की माहीत नाही, बाळांनो. दमलेही असतील बिचारे."

"पण मग जिंकलं कोण?"

अक्कांनी पाय लांब केले.

"जो आधी बसला तो."