ग्लेनिस मॅडर्नची चाकं

मिन्डाराच्या विमान क्लबात भांडी घासायच्या सिंकवर एक वाकडा प्रोपेलर टांगलेला आहे. ज्याचं विमान चाकांऐवजी पोटावर उतरेल त्याचं नाव त्या प्रोपेलरवर रंगवायचं, आणि पुढचा शहाणा सापडेपर्यंत दर शनिवारी सगळ्यांची भांडी त्यानेच घासायची, असा इथला रिवाज. माफी नाही, रजा नाही. गावच्या दातांच्या डॉक्टरने एकदा सलग दोन वर्षं घासली होती. यादीतलं शेवटचं नाव होतं ग्लेनिस मॅडर्न, आणि ती सात महिने घासत होती.

"ग्लेनिस, भाजायच्या जाळीला अजून सॉसेजची चरबी आहे हं," टब्बी नॉक न चुकता म्हणायचा. टब्बी गव्हाचा मोठा शेतकरी. त्याच्याही घरी बांधलेलं विमान होतं, पण त्याची चाकं कायमची खाली, बैलगाडीसारखी. "आणि पुढच्या वेळी चाकं घरी विसरू नकोस."

"तुझी ताटली तूच चाटून ठेव टब्बी, तेवढंच माझं काम वाचेल."

सगळे हसायचे, तीही हसायची. पण आतून तिचा जळफळाट व्हायचा, कारण ती काहीही विसरली नव्हती. तिने चाकं उतरवायचा दांडा ओढला होता, तो खाचेत बसलेला डोळ्यांनी पाहिला होता, आणि तरीही धावपट्टीला टेकताच चाकांचे दोन्ही पाय मिटले होते.

ग्लेनिस म्हणजे आमच्या भागातली पवनचक्कीवाली. चौदाव्या वर्षी बापाबरोबर पहिल्यांदा मनोऱ्यावर चढली, ती साठी उलटली तरी चढतच होती. मेंढ्यांच्या पाण्यासाठी ज्याने ज्याने चक्की उभारली, त्या प्रत्येकाच्या चक्कीत तिचा हात गेला होता. या कामात तिचा उजवा खांदा कायमचा गेला आणि बोलणं फटकळ झालं. चाळीस फुटांवर तेल घालत असताना फवारणीचं विमान खालून निघून जायचं. त्याची पाठ बघता बघता तिला वेड लागलं. एकेचाळिसाव्या वर्षी ती विमान चालवायला शिकली. विकत घेणं तिच्या स्वभावातच नव्हतं, म्हणून यंत्रांच्या शेडमध्ये तिने अकरा वर्षं खपून स्वतःचं विमान बांधलं. आराखडे विकतचे होते. त्यात फक्त एक गोष्ट तिची स्वतःची होती, मिटणारे पाय. ते तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, नवऱ्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर काढले होते. साहजिकच दगा दिला तो नेमका त्यांनीच.

रॉस जॉली घरी आला तो चार जाड बोल्ट घेऊनच. या भागातली घरी बांधलेली विमानं तपासून त्यांच्या कागदांवर सही करणारा तो माणूस. सज्जन, पण शब्दाला पक्का.

"पाय खाली कर, हे चार बोल्ट आरपार घाल आणि विषय संपव," त्याने बोल्ट टेबलावर ठेवले.

"म्हणजे कायमची खाली?"

"कायमची. कागदावर एकदा तसं लिहिलं की मी बदलणार नाही. विमान झकास आहे ग्लेनिस, पाय तेवढे फसलेत. ते कबूल करायला काय हरकत आहे?"

"हरकत आहे. फसले तर का फसले ते मला कळलेलं नाही."

रॉसने सुस्कारा सोडला. "ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वेळ देतो. कारण दाखव, दुरुस्ती दाखव, माझ्यासमोर उडवून दाखव. नाही तर बोल्ट."

कारण सापडेना. विमान लाकडी घोड्यांवर टेकवून तिने शंभर वेळा पाय मिटले आणि उघडले. पाय पंखांमागे मिटायचे आणि उघडताना पुढे यायचे. शेवटी कोपरासारखी दुमडणारी पट्टी ताठ होऊन कुलूप लागायचं. शंभरपैकी शंभर वेळा लागलं. ती शेडमध्ये उलट्या बादलीवर बसून त्या पायांकडे नुसती बघत राहिली.

तिचा नवरा केल्विन खिमा भरलेली गरम पेस्टी घेऊन आला. त्याला विमानातलं ओ की ठो कळत नाही. त्याचा जीव मेंढ्यांत आणि पेस्टीच्या कडेला नीट मुरड घालण्यात.

"इथे तर छान चालतंय की," तो म्हणाला.

"तेच तर दुखणं आहे."

"मग इथे नाही असं वर काय असतं?"

ग्लेनिसचा घास तोंडातच राहिला. आयुष्यभर वाऱ्याची चाकरी केलेली बाई, आणि शेडची दारं लावून पायांची परीक्षा घेत होती! ती स्वतःवरच इतकी चिडली की उरलेली पेस्टी तिने कुत्र्याला दिली. केल्विनला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने एक पाय दांड्यासकट काढून पिकअपच्या मागच्या चौकटीवर, कडेला बाहेर काढून बसवला. लोकरीच्या शेडमधला तानकाटा चाकाला लावला. केल्विनला सांगितलं, "धावपट्टीवर ताशी एकशे दहाने हाण." स्वतः मागे पट्ट्याने बांधून बसली. वेग आला तसा तिने दांडा ओढला. काटा सरसर चढला. वारा चाकाला मागे रेटत होता, आणि कोपर ताठ व्हायच्या दोन बोटं आधीच अडत होतं. दांड्यापासून पायापर्यंतची बारीक नळी मात्र बिनबोभाट वाकली, आणि दांडा गुमान खाचेत जाऊन बसला. तिच्याशी खोटं बोलला होता तो दांडा.

"थांब!" ती ओरडली. "सापडलं, केल! सापडलं!"

केल्विनने इतक्या जोरात ब्रेक दाबला की ती जवळजवळ काचेतून पुढे आली.

टब्बीचं म्हणणं पडलं की नळी जाड कर. कुणी म्हणालं मोटर बसव. दोन्हींनी काम झालं असतं कदाचित, पण वाऱ्याशी झोंबायचं हे तिला पटेना. त्या आठवड्यांत ती घरच्याच एका जुन्या चक्कीवर काम करत होती, आणि वादळात चक्की थांबवायचा हातरहाट फिरवताना तिला उत्तर दिसलं. चक्कीला वाऱ्याबाहेर काढायचं तर रहाट फिरवावा लागतो. पुन्हा वाऱ्यात आणायची तर फक्त रहाट अडवणारी खिटी सोडायची. बाकीचं वारा बघून घेतो. बापाने हे तिला चौदाव्या वर्षी शिकवलं होतं.

तिने पाय उलटे केले. आता ते पुढे मिटणार होते. वर घ्यायला छोटा हातरहाट, अठरा फेरे, तोही डाव्या हाताने. खाली सोडायला फक्त खिटी. वजन आणि वारा मिळून पायांना मागच्या अडसरावर नेऊन आदळणार, आणि कुलूप आपोआप लागणार. सांगायला सोपं, पण त्यासाठी चाकांची जागा पोटात पुढे कापावी लागली, पत्रा नव्याने ठोकावा लागला, सगळ्या विमानाचं वजन पुन्हा जोखावं लागलं. इकडचा हिवाळा जून ते ऑगस्ट; तो सगळा त्यात गेला. शनिवारी भांडी होतीच.

ऑक्टोबरच्या अकरा तारखेला रॉस दुर्बीण घेऊन धावपट्टीच्या कडेला उभा राहिला. अख्खा क्लब लोटला होता. टब्बीने तर खुर्ची आणली होती.

विमान उठलं. ग्लेनिस फेरे मोजत होती. सोळा, सतरा, अठरा. पोटाखालचा घरघराट थांबला आणि विमान असं सुटलं की तिच्या तोंडून शिवीच निघाली, आनंदाची. खाली गव्हाची शेतं भरभर मागे जात होती. जिच्यासाठी अकरा वर्षं घातली ती हीच गोष्ट होती, आणि तिला रडू येत होतं. पण रडायला वेळ नव्हता. ती वळून आली, वेग कमी केला आणि खिटी सोडली.

ठक्. उजवा पाय. पंखावरच्या आरशात कुलूप लागल्याची लाल पट्टी सरळ दिसली.

डावा येईना.

खाली सगळ्यांना एक पाय उतरलेला आणि एक अर्धा लोंबकळणारा दिसला. टब्बी खुर्चीतून उठला. केल्विनने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

ग्लेनिसचा हात सवयीने जुन्या दांड्याकडे गेला. तिथे काही नव्हतं, तिनेच काढून टाकलं होतं. मग ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, "अगं, चक्की अडली तर तू काय करतेस? वारा वाढायची वाट बघतेस ना?" तिने विमानाचं नाक खाली केलं आणि वेग वाढवला.

ठक्.

ती उतरली ती इतकी अलगद, की टब्बीला कळलंच नाही चाकं नेमकी कधी टेकली. केल्विन धावत गेला. साठीचा माणूस, पण मेंढरामागे धावावं तसा धावला.

रॉस मात्र आधी पायांखाली वाकला. डाव्या बिजागरीत नव्या रंगाचा थर साचला होता. ग्लेनिसने तो तिथेच खरवडून काढला आणि रॉसच्या देखत आणखी तीनदा उड्डाण केलं. तिन्ही वेळा दोन्ही पाय एकदम, एका आवाजात. तिसऱ्या वेळी क्लबाने टाळ्या वाजवल्या. रॉसने कागद विमानाच्या पंखावरच पसरला आणि सही ठोकली.

"माझे बोल्ट परत दे आता," तो म्हणाला.

"पिकअपला आहेत. पाय त्यांनीच बसवला होता. मजबूत निघाले हो, एकदम कामाचे."

रॉस इतका हसला की दुर्बीण गळ्यात हेलकावे घेऊ लागली.

संध्याकाळी सॉसेज संपले आणि ग्लेनिस मुकाट्याने सिंककडे गेली. रिवाज तो रिवाज. रॉस टॉवेल घेऊन शेजारी उभा राहिला आणि पुसायला लागला. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. शेवटी टब्बी स्वतःची ताटली घेऊन आला आणि उगाच घुटमळला.

"काय रे?"

"नाही, म्हटलं," टब्बीने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला, "माझ्या विमानाला असलं काही बसवता येईल का?"

ग्लेनिसने त्याच्या हातातली ताटली घेतली आणि ओल्या बोटाने वरच्या प्रोपेलरकडे, आपल्या नावाखालच्या कोऱ्या जागेकडे दाखवलं.

"येईल की. तुझ्यासाठी जागा ठेवलीच आहे."