टोपी चढवलेली बंदूक

सोलापुरात लष्करी कायदा लागला त्या साली आमच्या बापाची बंदूक सरकारनं जमा करून घेतली. गडबड सगळी शहरात, आणि आम्ही कुठे, माण नदीकाठी मेंढरं राखणारी माणसं! बंदूक तरी कसली, लांडग्यांसाठी परवान्यानं मिळालेली जुनी ठासणीची. त्या थंडीत लांडगे कळपाभोवतीच्या जाळीखालून शिरून कोकरं उचलायला लागले. बाप कचेरीच्या नावानं बोटं मोडायचा. "सुक्याबरोबर वलं जळतंय म्हणत्यात, ते ह्येच," म्हणायचा.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर बंदूक परत मिळाली. कारकुनानं नंबर ताडून पाहिला, परवान्यावर शिक्का मारला. घरात ती भरलेली ठेवणार की रिकामी, एवढं काही त्यानं विचारलं नाही. सरकारला बंदुका मोजायच्या होत्या, आणखी काय!

आणि आमच्यात तरी कुठे अक्कल होती? सवाष्णीची ओटी रिकामी ठेवत नाहीत, तसं रिकामं हत्यार पुजायचं नाही, हे आमच्या घरातलं खूळ. दसऱ्याला बापानं नळीत दारू ठासली, छर्रे घातले, घोड्याखाली बार पेटवणारी टोपीही चढवली आणि बंदूक दारापाशी भिंतीला टेकवली. वहिनीनं कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. माळ तिरकी बसली म्हणून तिनं ती जरा ओढली, तर नळी तिच्याकडे कलली, दस्ता सरकला, घोडा उंबऱ्यावर आपटला आणि बार उडाला. वहिनी तिथल्या तिथे गेली. माझ्याच वयाची होती हो ती!

चौकशीला मामलेदार आले. चावडीवर गाव जमला. म्हातारी माणसं म्हणाली, गावातल्या सगळ्याच बंदुका न्या, नको ती पीडा. मेंढरंवाले उसळले, "मग लांडग्याला काय हात जोडायचं व्हय?" मामलेदारांनी मधला तोडगा काढला. बंदूक मालकाकडे राहील, दारू आणि टोप्या पाटलाकडे. लांडगा दिसला की मागून न्यायच्या. लोक हसले, लांडगा तोवर थांबतोय होय! मला मात्र तो तोडगा पटला, आजही पटतो. धावतपळत पाटलाकडे जाईस्तोवर एखादं मेंढरू जाईल. जाऊ दे की मेलं! सगळ्याच बंदुका नेल्या तर कळप जातो, आणि भरलेली घरात ठेवली तर माणूस जातं.

शेवटी मामलेदारांनी दादाला विचारलं. बायको त्याची गेली होती, तो नको म्हणाला असता तर बंदूक कायमची गेली असती. बाप त्याच्या तोंडाकडे बघत होता.

दादा खाली मान घालून म्हणाला, "द्या सायेब, बंदूक द्या. मेंढरं जगाय पायजेत. टोप्या पाटलाकडं ठेवा न्हायतर आमच्याकडं, आता काय बी करा. घरात पुजणारी ऱ्हायली न्हाय."

बाप तोंडात पटक्याचा शेव कोंबून तिथेच रडायला लागला.