ढोलकवाल्याचा पाय

हिंदी सिनेमातल्या गाण्यांमध्ये अधूनमधून ‘टिंग’ असा एक आवाज येतो. नायिका मान वळवून बघते तेव्हा येतो, किंवा कडवं संपून बासरी सुरू व्हायच्या आधी येतो. तुम्ही तो असंख्य वेळा ऐकला असेल आणि एकदाही त्याच्याकडे लक्ष दिलं नसेल. बऱ्याच गाण्यांतला तो आवाज माझ्या मामांचा आहे.

वाद्याचं नाव ट्रायंगल. लोखंडी सळी वाकवून केलेला त्रिकोण, तो टांगायला दोरी आणि वाजवायला आणखी एक छोटी सळी. बस. मामांचा अख्खा संसार भाजीच्या पिशवीत मावतो, आणि वर कोथिंबिरीलाही जागा उरते, असं मामी म्हणते. वादकांत त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. ते ‘टिंग’. “टिंग आला का?” “टिंगला चहा द्या.” एका मोठ्या संगीतकाराने तर समोरून ‘टिंगसाहेब’ म्हटलं होतं. मामी त्यानंतर आठवडाभर त्यांना ‘टिंगसाहेब, कचरा टाकून या’ असं म्हणत होती.

मामांचं काम म्हणजे मुख्यतः थांबणं. अख्ख्या गाण्यात त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन-चार ठोके. बाकीचा वेळ त्रिकोण हातात धरून बसायचं. खोकायचं नाही, कपड्यांची सळसळ होऊ द्यायची नाही. गायिकेची ओळ मनासारखी आली नाही की सगळं पहिल्यापासून. सतारीची तार तुटली, पुन्हा पहिल्यापासून. मामा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा दिवसभर पोती वाहिल्यासारखे दिसायचे. लहानपणी मला वाटायचं, एवढ्याशा सळीने माणूस दमतो कसा? आता मी त्याच स्टुडिओत ध्वनिमुद्रण करतो. काचेच्या अलीकडे बसून मी पाहिलंय, मामा कसे दमतात ते. बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि नेमक्या क्षणी जागं असायचं.

शिवाय ‘टिंग’ वाजवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे ते थांबवणं. ठोका दिला की सळी बराच वेळ गुणगुणत राहते. ती गुणगुण पुढच्या शब्दावर सांडली तर शब्द गढूळ होतो. म्हणून मोकळ्या हाताच्या तळव्याने त्रिकोण हलकेच धरायचा. ताल चालू असेल तर हे सोपं, मात्रा मोजायच्या आणि धरायचा. पण कित्येक गाण्यांची सुरुवात तालाशिवाय होते. गायिका नुसती गुणगुणते, एक ठोका पडतो, विरत जातो. तो किती विरू द्यायचा हे कानाने ठरवायचं. मामांना बोलावणं यायचं ते या थांबवण्यासाठी. त्यांचा आवाज कापल्यासारखा थांबत नसे. कोणी खोलीतून पावलं न वाजवता निघून जावं तसा जायचा.

तालवादक एका बुटक्या लाकडी चौथऱ्यावर बसत. मामांच्या डावीकडे कायम ढोलकवाले काका. जाडजूड माणूस, जिभेला हाड नाही. काका एक मांडी घालून आणि उजवा पाय लांब सोडून बसत. तो पाय बरोबर मामांच्या पायाला येऊन टेके.

“गुडघा गेलाय माझा,” काका सगळ्यांना सांगत. “टिंग, तुझ्या हद्दीत पाय टाकतोय. राग मानू नकोस.”

“टाक,” मामा म्हणत. “निदान कोणीतरी माझी दखल घेतंय.”

आम्ही हसायचो. मीही हसायचो.

घरी वेगळंच नाटक चालू होतं. मामीने दाराला चिवचिवणारी नवी बेल बसवली होती. एकदा मी जिना चढून वर गेलो तर मामी दाराबाहेर पिशव्या घेऊन उभी, आणि आतून टीव्हीचा दणदणाट.

“कधीची वाजवतेय,” ती मला म्हणाली. “बोट दुखायला लागलं. ह्या माणसाला लग्नापासून ऐकू येत नाही, पण फक्त माझं.”

मामी किल्ली आतच विसरली होती, मी माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. मामा खुर्चीत बसून बातम्या बघत होते.

“अहो, मी बाहेर उभी!”

“मग बेल वाजवायची ना.”

मामीने माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी टीव्ही बंद केला आणि उगाचच वर्तमानपत्राची घडी उलगडून परत घातली.

पुढे कामं कमी होत गेली. ढोलक, तबला, झांजा सगळं कम्प्युटरवर तयार मिळू लागलं. एक जुने संगीतकार अजूनही सगळ्या वादकांना एकत्र बसवत, त्यामुळे चौथरा कधीतरी भरायचा. अशात एका नव्या, तरुण संगीतकाराने मामांना एकट्याला बोलावलं. प्रेमाचं गाणं होतं, सुरुवात तालाशिवाय. त्याला कम्प्युटरमधला ‘टिंग’ नको होता, खरा हवा होता. जुन्या गाण्यांत मामांचा आवाज ऐकून त्याने मुद्दाम चौकशी केली होती.

मला वाटलं मामा खूश होतील. मी घरी जाऊन सांगितलं तर मामा म्हणाले, “एकच ठोका? त्यासाठी दोन गाड्या बदलून यायचं?”

“मामा, तो तुमच्यासाठी थांबलाय.”

“ढोलक आहे का?”

“नाही. तुम्ही एकटेच.”

मामीने त्यांचा इस्त्रीचा सदरा काढून ठेवला.

त्या दिवशी चौथरा रिकामा होता. मामा आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसले, डावीकडची जागा सोडून. संगीतकार माझ्याशेजारी बसला होता. पोरगा चांगला होता, नम्र. तो माइकवरून म्हणाला, “काका, गायिका उद्या येणार आहे. तुमचा आवाज जिथे विरेल तिथून ती उचलणार. त्यामुळे घाई नको. पातळ होत आला की हलक्या हाताने थांबवा. तुमच्या अंदाजाने.”

मामांनी मान डोलावली. ठोका दिला. सुंदर ठोका. आणि लगेच तळवा मिटला.

“जरा राहू द्या की काका.”

दुसऱ्यांदा मामा थांबले. थांबले ते थांबलेच. माझ्यासमोरच्या पडद्यावर आवाजाची रेघ बारीक होत होत सपाट झाली, खोलीत शुद्ध शांतता पसरली, आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने मामांनी अगदी नाजूकपणे, काही न वाजणारा त्रिकोण थांबवला.

संगीतकार हसला. “काका, डुलकी लागली का?”

मामाही हसले. तिसऱ्यांदा तळवा टेकला, पण अर्धवट. पलीकडे सळी बारीक किणकिणत राहिली आणि मामा झालं म्हणून माझ्याकडे बघत होते.

चौथ्या वेळी माझं लक्ष पडद्यावर नव्हतं. मामांचा डावा पाय चौथऱ्यावरून हळूहळू डावीकडे सरकत होता. सतरंजीवर बोटं चाचपत होती. तिथे कोणाचाच पाय नव्हता.

काकांच्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं तालाशिवायच्या जागी काकांचा पाय मामांना सांगत होता, आता धर. वादकांच्या जगात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. टिंगला टिंग ऐकू येत नाही हे एकाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी मामांचा फोन वाजायचा थांबला असता.

संगीतकाराने घड्याळ बघितलं. “आपण चहा घेऊ. नाहीतर काय, कम्प्युटरमध्ये आहेच एक.” तो फोन कानाला लावून बाहेर गेला. मामा काचेच्या अलीकडे माझ्याकडे आले. गुडघ्यांवर हात टेकून खुर्चीत बसले.

“लाव बघू माझं.”

मी दुसरा ठोका लावला. बाकी सगळं बंद करून, फक्त त्यांचा.

“संपला,” मामा म्हणाले.

“नाही मामा. वाजतोय.”

“आता?”

“अजून वाजतोय.”

मी पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. ती पुढे पुढे चालली होती, बारीक होत. मामा चष्मा वर करून, पुढे वाकून तिच्याकडे बघत राहिले. घराच्या खिडकीतून गावाला निघालेल्या माणसाकडे बघतात तसे.

“एवढा लांब जातो होय.” मग म्हणाले, “पूर्वी जायचाच.”

“कधीपासून होतंय असं?”

“आधी कुकरची शिट्टी गेली. मग बेल. ‘टक’ येतं ऐकू. पुढे काय होतं ते मला पाठ आहे, म्हणून ऐकू आल्यासारखं वाटतं.”

वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज आधी जातात. हे मी कॉलेजात शिकलो, त्याचा आलेखही काढलाय. पण त्या आलेखाच्या खाली माझे मामा बसलेले असतील हे मला सुचलं नव्हतं. मी भडाभडा बोलायला लागलो. “मामा, काही अडचण नाही. शेवट मी कम्प्युटरवर कापतो. हवा तसा विरवून देतो, कोणाला पत्ता लागणार नाही. इथे मीच असतो. पुढेसुद्धा तुम्ही फक्त ठोका द्या.”

“म्हणजे आधी ढोलकवाल्याचा पाय, आता तुझा हात.”

“त्यात काय बिघडलं?”

मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “दमलो रे मी. ऐकू येत नाही त्याने माणूस एवढा दमत नाही. ऐकू येतंय असा चेहरा करायला लागतो ना दिवसभर, त्याने मेलो.”

मी पुन्हा कामाचंच बोललो. “कानात घालायची यंत्रं चांगली मिळतात हल्ली.”

“त्यातून टिंग येईल?”

खोटं बोलणं सोपं होतं. “येईल. पण तुमचा टिंग असेल का, सांगता येत नाही.”

“बेलसाठी घेऊ एक,” मामा म्हणाले. “तुझी मामी उभी राहते बिचारी.”

संगीतकार चहाचे कप घेऊन आत आला. मामा उठून उभे राहिले आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, “हे बघा, मला शेवट ऐकू येत नाही. ठोका माझा. कधी थांबवायचं ते तुम्ही सांगा.”

पोरगा गडबडला. “अहो काका, त्यात काय एवढं! मी कापून घेतो ना.”

“कापू नका. कापलेलं कापल्यासारखं लागतं. आत या आणि समोर उभे राहा.”

मामा पुन्हा चौथऱ्यावर जाऊन बसले. संगीतकार बूट काढून मोज्यांवर काचेपलीकडे गेला. मामांसमोर उभा राहिला, हात वर धरून. मामांनी ठोका दिला. मी डोळे मिटले. आवाज फुलला, विरत गेला, आणि मग खोलीत कोणीतरी पावलं न वाजवता दार लोटून घेतलं. मी डोळे उघडले तेव्हा पोराचा हात खाली आलेला होता आणि मामांचा तळवा सळीवर होता. पुन्हा घ्यायची गरजच पडली नाही.

“क्या बात है काका,” तो म्हणाला. निघताना त्याने मामांच्या पायाला हात लावला. “पुढच्या वेळी फोन करतो.”

आमच्या धंद्यात ‘फोन करतो’चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. मामांनाही होता. “करा,” ते म्हणाले आणि त्रिकोण फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला.

मी त्यांना घरी सोडायला गेलो. वाटेत ते झोपले, तोंड उघडं टाकून. घरी मामी दुपारची लवंडली होती. मामांनी कोचावर बसून ढोलकवाल्या काकांना फोन लावला. हल्ली ते फोनचा स्पीकर चालू करूनच बोलत, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

“काय टिंगसाहेब! एकट्याने मैदान मारलंस म्हणे.”

“सांगून टाकलं मी.”

काका गप्प बसले. मी त्यांना पहिल्यांदाच गप्प बसलेलं ऐकत होतो.

“कोणाला?”

“त्या पोराला. उद्यापर्यंत सगळ्यांना कळेल.”

“गाढव आहेस. मी होतो ना.”

“तू किती दिवस पाय पसरून बसणार होतास? आता बस नीट मांडी घालून. सुटलास.”

मग काका म्हणाले, “दुमडत नाही रे आता. एवढी वर्षं लांब ठेवून ठेवून खरंच आखडलाय.”

मामा आधी नुसतेच फोनकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं, आवाज न होणारं, खांदे हलवणारं हसू, आणि त्यातच डोळ्यांना सदऱ्याची बाही लागली.

“मग इकडे ये उद्या,” ते म्हणाले. “कोचावर लांब करून बस. आणि येताना बेल वाजवत बसू नकोस. दार ढकल, उघडंच ठेवतो.”