चुन्याखालचा हात
ओल्या चुन्याचा वास आला की अंबरनाथची आमची चाळ आठवते. शेजारचे काका आनंदनगरला रंगाच्या कंपनीत होते. कितीही धुतले तरी त्यांचे हात गुलाबीच. घरी आले की भिंतीला हात टेकून बूट काढायचे, त्यामुळे दाराशेजारी त्यांच्या हाताचा ठसा पडला होता. ते वारले त्या वर्षी भीमजयंतीच्या आधी पप्पांनी चाळीच्या सगळ्या भिंतींना चुना मारला. दुपारी चुना वाळला आणि तो ठसा हळूहळू परत वर आला. पप्पा चुन्याचा दुसरा हात मारायला लागले, तेवढ्यात काकू बाहेर आल्या आणि ठशावर स्वतःचा तळवा ठेवून म्हणाल्या, “भाऊ, राहू द्या ना. घरीच तर आलेत.” आता फ्लॅटमध्ये बूट काढताना मीही भिंतीला हात टेकतो, आणि उचलला की आधी भिंत बघतो.