इंदूताईंची फ्रेंच अभनपुरात

इंदूताई चिंचाळकरांना चौबे कॉलोनीत सगळे ‘फ्रेंचवाली मावशी’ म्हणत, आणि बाईंना ते मनापासून आवडायचं. एकतीस वर्षं शिकवली त्यांनी ती भाषा! एके काळी वर्गात उभं राहायला जागा नसायची. यंदा उरले चार विद्यार्थी, तेही येतील तेव्हा येतील.

ताई जिथे शिकवत, त्या भाषाकेंद्राचे प्रमुख यशवंतराव तर हात धुऊन मागे लागले होते. “ताई, आता फ्रेंचले कोण विचारते? एक जमाना होता, दुनियाभरचे राजदूत फ्रेंचात बोलत. आता तेही इंग्रजीवर आले. शनिवारपर्यंत पंधरा नवी नावं आणा, नाही तर वर्ग बंद.”

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माणूस खोटं थोडीच बोलत होता.

गुरुवारी शेजारच्या सरलाची पोट्टी चेतना धावत आली. ती शहराजवळच्या अभनपूरच्या एका तांदूळ मिलच्या ऑफिसात कामाला. “मावशी, जल्दी चलो! बेनिनवाली मॅडम सौदा सोडून निघून राहिली!”

“काहून?”

“पता नहीं ना! फोनवर सगळं ट्रान्सलेट करून तर दाखवलं.”

बेनिन म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला देश. इकडचा उसना, म्हणजे उकडा तांदूळ जहाजं भरून तिकडे जातो, आणि तिकडचे व्यापारी बोलतात फ्रेंच. ताईंनी जन्मभर वर्गात पॅरिसचा नकाशा लावला. अभनपुरात आपली गरज पडेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मिलमध्ये मादाम अफियावी पर्स आवळून, तोंड फिरवून बसल्या होत्या. मिलमालक सेठजी त्यांच्यापुढे फोन नाचवत होते, आणि फोन आपला भाव सांगतोय, भावच सांगतोय! ताईंनी नमस्कार केला आणि फ्रेंचमध्ये विचारलं, प्रवास कसा झाला? झोप लागली का? आई कशी आहे? पोरंबाळं किती? मादाम वळल्या. मग त्यांनी उलट विचारणं सुरू केलं. ताईंचा गुडघा, ताईंचा मुलगा, सुनेचा स्वभावसुद्धा! वीस मिनिटं झाली. सेठजींचा जीव वरखाली.

“आमच्याकडे ख्यालीखुशाली न विचारता भाव काढणं म्हणजे अपमान,” मादाम म्हणाल्या. “माझी पोरंही आता इंग्रजीमागे लागलीत, बाई. पण माझा बाजार अजून फ्रेंचमध्येच चालतो.”

मग त्यांनी चार दाणे दाताखाली चावून पाहिले आणि सौदा पक्का केला. वर सेठजींना बजावलं, पुढच्या खेपेला माझ्याशी माणसं बोलली पाहिजेत, फोन नको. ही बातमी अभनपूरच्या मिलांमध्ये वाऱ्यासारखी पसरली.

शनिवारी ताईंनी यशवंतरावांच्या टेबलावर यादी आपटली. एकोणीस नावं! तीन मिलांचे मुनीम, गोदामवाले, चेतना आणि खुद्द सेठजी.

यशवंतरावांनी चष्मा वर केला. “हे लोक पॅरिसले जाऊन राहिले का?”

“पॅरिसचं काय घेऊन बसले, यशवंतराव? माझी फ्रेंच आता अभनपुरात राहते. खोली मोठी द्या!”

त्या संध्याकाळी एकोणीस जणांनी पोती उचलायच्या दमानं एकसाथ “बों जूर!” म्हटलं. खिडक्या थरथरल्या. ताईंना हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

“अजून जोरात!” त्या ओरडल्या. “बेनिनपर्यंत ऐकू गेलं पाहिजे!”