वर कोन बसते?

कुंडीत उतरण्याआधी सुपडूआप्पा डोक्यावरचं पागोटं काढून काठावर ठेवत आणि एकच विचारत, "वर कोन बसते?"

आमच्या शहराबाहेर लालबागेकडच्या त्या कुंड्या म्हणजे खोल विहिरी, जमिनीखालच्या एका भुयाराने एकमेकींना जोडलेल्या. शहराचं पाणी त्यातून येई. भुयारात साचलेले चुन्याचे थर फोडायला आप्पा पहार घेऊन उतरत. अंधारात भिंतीवर दोनदा ठोकत; काठावरच्याने दगडाने दोनदा ठोकून उत्तर द्यायचं, मगच ते पुढे सरकत. उन्हाळ्याआधी पार बुधवारा पेठेपासूनची माणसं या कामाला हौसेने येत, गूळफुटाणे खात काठावर बसत.

मग इंग्रज सरकारचा हुकूम निघाला. घरटी एक माणूस आलाच पाहिजे, नाव नोंदवायचं, न आल्यास दंड. मी म्युनिसिपालिटीत कारकून, त्यामुळे ती वही माझ्याच काखेत. त्या वर्षी काळं कुत्रं फिरकलं नाही! ज्याला विचारावं तो म्हणे, "सरकारचं काम झालं ना आता? करू द्या सरकारले."

आप्पा मला म्हणाले, "हाक मारली की मानूस येते, भाऊसाहेब. नाव लिहून बोलावलं की पयते."

दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीला येणार होते. नोकरी जाणार म्हणून माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी आप्पांचे पायच धरले.

"उतरतो. पन वर कोन बसते?"

"मी बसतो ना, आप्पा!"

बसलोही. खालून ठकठक आली, मी उत्तर दिलं. तेवढ्यात रस्त्याने दोघे जाताना दिसले आणि मी मूर्ख, त्यांची नावं लिहायला वही घेऊन मागे धावलो! ते निसटले. परत येऊन ठोकलं, खालून काही नाही. पुन्हा ठोकलं. नाहीच. तशी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

जवळच्या वस्तीत ओरडत सुटलो, तर काखेतली वही पाहून लोकांनी दारं लावून घेतली. मग भर रस्त्यात मी ती टराटरा फाडली. "अहो, आप्पा आत अडकलेत!"

एक दार उघडलं, मग दुसरं. आठदहाजण दोर घेऊन धावले.

आप्पांचा पाय ढासळलेल्या थराखाली सापडला होता, पहार हातातून सुटून लांब पडली होती; उत्तर द्यायला हाताशी काही नव्हतं. वर आणलं तेव्हा ते लटलट कापत होते.

"दोनदा ठोकलं मी," ते म्हणाले. "दगडाचं भेव नाही वाटलं, भाऊसाहेब. वर कोनीच नाही, याचं वाटलं."

त्यांनी मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. उरलेलं भुयार त्याच माणसांनी कुणी न सांगता साफ केलं. वही पाण्यात पडली, अशी मी साहेबांना थाप मारली. साहेबांनी स्वच्छ भुयार पाहून हुकुमाची तारीफ केली आणि मी मान डोलावली. त्याची लाज अजून जात नाही. आप्पा मात्र पुन्हा कधी उतरले नाहीत.

पुढे काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळले, वाचा गेली. एका दुपारी मी उशाशी बसलो होतो. डोळे मिटलेलेच, पण त्यांची बोटं खाटेच्या लाकडावर दोनदा वाजली. मी घाईघाईने दोनदा ठोकलं. त्यांनी जरा कान दिला आणि पुन्हा वाजवलं.

दिवेलागणीला ते गेले. तोवर मी पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही.