सुनेचं डोकं

अबिती मटेपाला, म्हणजे मटेपाबाईला, रडताना आमच्या मटेंजे गावात कुणी पाहिलं नाही. नवऱ्याला सुसरीनं नेलं, तेव्हा ती एवढंच म्हणली, "सांगितलं होतं, त्या बाजूनं अंघोळीला उतरू नका." आणि मक्याचं पीठ चाळायचं राहिलं होतं, ते चाळायला बसली.

तिचा एकुलता एक लेक ब्वानाली. तो साहेबाच्या पलटणीत भरती झाला, तेव्हा ती कचेरीपर्यंत चालत गेली. लॉरीत पोरं दाटीवाटीनं बसलेली. तिनं हात वर करून त्याला वाळवलेल्या मासळीची पुरचुंडी दिली आणि म्हणली, "पाण्यात उतरायच्या आधी काठी टाकून बघत जा."

"आई, मी जपान्यांशी लढायला चाललोय. ब्रह्मदेशात."

"तिथं पाणी नाही का?"

आहे म्हणला. मग झालं. तिला जगात मारणारा एकच ठाऊक होता.

आता आमच्यात कसं, लग्न झालं की नवरा बायकोच्या गावाला राहायला जातो. ब्वानालीची बायको झुहुरा, ती चिपलासाची. तळ्याच्या काठाकाठानं चालत गेलं तर सकाळच्या उन्हात निघून ऊन तापायच्या आत पोचावं, एवढं लांब. तिथं झुहुरा तिच्या आईपाशी, अबिती सलांजेपाशी राहायची. म्हणजे मटेपाबाईचा लेक गेला तो सुनेच्या अंगणातून गेला, आणि यायचा तोही त्याच अंगणात.

आणि माणूस लांब गेला की बायकोला नेम असतो. पूर्वी हस्तिदंताच्या तांड्याबरोबर जायचे तेव्हापासूनचा. बायकोनं डोक्याला तेल लावायचं नाही आणि केस उतरवायचे नाहीत. एरवी आमच्या बायका डोकं गुळगुळीत ठेवायच्या, वर एरंडेलाचा हात. पण नवरा बाहेर असताना बायकोनं डोक्याला हात लावला, की तो तिकडे वाटेतच राहतो. हे पोराटोरांनाही ठाऊक.

बायकोनं काय करायचं ते ठरलेलं आहे. आईनं काय करायचं, ते कुणीच ठरवून ठेवलेलं नाही. मटेपाबाईनं म्हाताऱ्यांना विचारून पाहिलं. ते म्हणले, आईला नेम नसतो. मग तिनं सुनेचं डोकं राखायला घेतलं.

दर शुक्रवारी, डोक्याला काळं फडकं घट्ट बांधून, ती चिपलासाच्या अंगणात हजर.

"वाक."

झुहुरा गुडघ्यावर बसून वाकायची. सासू केसांत बोटं घालून बघायची, मग नाक लावून हुंगायची.

"एरंडेलाचा वास येतोय."

"आत्याबाई, तो बकरीचा आहे."

"बकरी एरंडेल लावते?"

"बकरी एरंडाच्या झाडाखाली बसते."

आतून अबिती सलांजे ओरडायची, "विहीणबाई, आमची पोर काय बाजारातली कोंबडी आहे, पिसं उलटून बघायला?"

"कोंबडी असती तर एकदाच बघितली असती."

मग भोपळ्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेला असायचा, तो न्सिमाबरोबर, मक्याच्या घट्ट उकडीबरोबर, खायचा, आणि मटेपाबाई उठून चालायला लागायची. पाऊस असो, ताप असो, शुक्रवार चुकला नाही. झुहुरा कधी तक्रार करत नव्हती. तिचाही नवरा होता की तो. तिसऱ्या वर्षी तिच्या डोक्यावर केसांचं एवढं रान माजलं, की पाण्याची घागर ठेवायला चुंबळ लागत नव्हती. घागर आपली रुतून बसायची.

पत्रं यायची तीन-चार महिन्यांनी एक. ती यायची मटेंज्याला, कारण कागदावर नाव आईचं लिहिलेलं. वाचायचा चिकापाकाका. तो आधीच्या लढाईत ओझी वाहायला गेला होता, तिथून एक ताठ झालेला पाय आणि थोडी अक्षरओळख घेऊन आला. कुणाचंही पत्र असो, तो उभा राहून, छाती काढून, हुकूम सोडल्यासारखा वाचायचा.

"मी बरा आहे! तुम्ही बऱ्या असाल! इथे डोंगर आहेत आणि चिखल आहे! सगळ्यांना सलाम!"

"सुसरीबद्दल काही?"

"नाही."

"मग बरंय," म्हणायची, आणि पत्र चटईखाली ठेवायची.

कचेरीचा लाल टोपीवाला शिपाई सायकलवरून यायचा तो मात्र पत्र घेऊन यायचा नाही. तो दुसरा कागद आणायचा. शेजारच्या गावात दोन घरी आणला होता. त्याची घंटी ऐकू आली की मटेपाबाई घरात शिरून झाडायला लागायची. सायकल पुढे निघून जाईपर्यंत झाडायची. दाराच्या आत जमिनीला चांगला खड्डा पडला होता.

चौथा पावसाळा लागला, आमच्याकडे तो वर्षाच्या शेवटी लागतो, तेव्हा झुहुराच्या डोक्यात गळवं झाली. उवा तर होत्याच. वर ताप चढला, पोर बडबडायला लागली, माशा बसायला लागल्या. अबिती सलांजेनं दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी वस्तरा घेतला आणि पोरीला शुद्ध नसताना सगळं डोकं भादरून टाकलं. केस कुणा वाईट माणसाच्या हाती लागू नयेत म्हणून केळीच्या बुडाशी पुरून टाकले.

ताप उतरला. आणि शुक्रवार आला.

मटेपाबाई अंगणात आली तेव्हा सून ओसरीला बसली होती, डोक्यावर सूप उपडं घालून.

"हे काय?"

"ऊन लागतंय, आत्याबाई."

बाहेर पाऊस धो धो पडत होता.

"वाक," सासू म्हणली.

झुहुरानं सूप काढलं नाही. ती रडायला लागली. मटेपाबाईनंच सूप उचललं, डोकं पाहिलं, आणि सूप परत जागच्या जागी ठेवलं. नीट, आधी जसं होतं तसं.

सलांजेबाई पुढे आली. "पोर मरत होती, विहीणबाई. माझी पोर आहे ती."

"माझाही पोर आहे तो."

दोघी पावसाकडे बघत बसल्या. मग मटेपाबाई म्हणली, "केस कुठायत?"

"पुरले."

"काढा."

भर पावसात दोघी विहिणींनी केळीचं बूड उकरलं. चिखलात माखलेला केसांचा बोळा निघाला. तो मटेपाबाईनं तळ्यावर नेऊन धुतला, आधी पाण्यात काठी टाकून, आणि आणून सुनेच्या डोक्यावर ठेवून वर फडकं बांधलं. "नवे येईपर्यंत हे असू दे." झुहुरानं तो बोळा नवे केस बोटभर होईपर्यंत डोक्यावर वागवला. लोक म्हणायचे डोक्यात काय ठेवलंयस, ती म्हणायची केस.

पण मटेपाबाईला आतून माहीत होतं, की हे ठिगळ आहे. गावी येऊन ती तशीच चिकापाकाकाकडे गेली.

"सुनेचं डोकं सोमवारी भादरलं. त्या दिवशी तारीख काय?"

काकाकडे मिशनवाल्यांचं कॅलेंडर होतं. ते गेल्या सालचं होतं, पण त्यानं बोटांवर मोजून जमवलं. "चार डिसेंबर."

"चार डिसेंबर," ती म्हणली, आणि घरी जाईपर्यंत तोंडात घोळवत गेली.

फेब्रुवारीत पत्र आलं. काकानं छाती काढली.

"तारीख आधी," ती म्हणली.

"वीस ऑक्टोबर."

"मग नको वाचू."

"अगं, लेकाचं पत्र!"

"ऑक्टोबरात केस होते. ऑक्टोबरात तो असणारच." तिनं पत्र घेतलं, चटईखाली ठेवलं. शेजारणी म्हणायला आल्या, वा, पत्र आलं, बरा आहे म्हणे. ती म्हणली, "होता." शेजारणी गेल्या.

त्या दिवसांत ती काही वेगळं करत नव्हती. शेतात जायची, मासळी वाळवायची. फक्त न्सिमा दोन माणसांची करायची आणि एका माणसाची खायची, उरलेली कोंबड्यांना. आमच्या गावात तिच्या कोंबड्यांएवढ्या जाड कोंबड्या नव्हत्या. शुक्रवारी चिपलासाला जायची, पण "वाक" म्हणायची नाही. बसायची, खायची, उठायची. झुहुरा म्हणे, "आत्याबाई, बघा तरी, वाढलेत थोडे." ही म्हणे, "असू दे." सुनेला ते शिव्यांपेक्षा जड जायचं.

एप्रिलात, मका काढणीला आला होता तेव्हा, चिकापाकाका ताठ पाय ओढत शेताच्या बांधावर आला. पत्र हातात. त्यानं वाचायला छाती काढलीच नाही आधी, लांबूनच ओरडला, "एकोणीस जानेवारी!"

मटेपाबाईनं हातातलं कणीस खाली ठेवलं. "डिसेंबर आधी की जानेवारी आधी?"

"डिसेंबर आधी."

"पक्कं?"

"मी पलटणीत होतो, अबिती."

"तू ओझी वाहात होतास. पक्कं सांग."

"पक्कं."

मग ती बांधावर बसली. काका उभा राहून वाचायला लागला. "मी बरा आहे! तुम्ही बऱ्या असाल! आता आम्हाला डोंगरातून मागे आणलंय! डिसेंबरात आमच्या सगळ्यांच्या डोक्यात उवा झाल्या, गळवं झाली! डॉक्टरसाहेबांनी ओळीनं बसवून सगळ्यांची डोकी भादरली! सगळ्यांना सलाम!"

ती म्हणली, "पुन्हा वाच." त्यानं वाचलं. "फक्त डोक्याचं वाच." त्यानं डोक्याचं वाचलं. "आणखी एकदा." चौथ्यांदा म्हणली तेव्हा काका म्हणला, "माझा पाय दुखतोय."

"बसून वाच मग."

तो बसून वाचला. आयुष्यात पहिल्यांदा.

ती उठली आणि शेतातूनच चिपलासाच्या वाटेला लागली. तो मंगळवार होता.

आता मंगळवारी मटेपाबाई अंगणात शिरलेली पाहून अबिती सलांजेला काय वाटलं असेल? तिनं कांडायचं मुसळ टाकलं आणि जो हंबरडा फोडला! झुहुरा मटकन खाली बसली. शेजारच्या बायका धावत आल्या, त्यांनीही सूर धरला. ब्वानाली किती गुणी, कसा मासे आणून द्यायचा, सगळं सुरू झालं. मटेपाबाई मधोमध उभी.

"झालं रडून की सांगा," ती म्हणली.

शेवटी दम घ्यायला सगळ्या थांबल्या, तेव्हा ती सुनेसमोर बसली. "तुझं डोकं इथं भादरलं, तिकडे त्याचं भादरलं. तुझी गळवं, त्याची गळवं. जानेवारीचं पत्र आहे. जिवावरचं डोक्यावर भागलं."

"म्हणजे आहेत ते?" झुहुरानं विचारलं.

"उवा मेलेल्या माणसाला कशाला होतील?"

झुहुरा हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. सलांजेबाई डोळे पुसत म्हणली, "विहीणबाई, ही बातमी वेशीवरून ओरडून सांगता आली नसती?"

पण मटेपाबाईचं डोकं पुढे गेलं होतं. "आता ऐक. इथं होतं ते तिकडे होतं, हे कळलं. मग तू आजपासून दोन वेळा पोटभर खायचं. जड उचलायचं नाही. पाण्यात पाय घालायचा नाही. दुपारची पडायचं जरा. त्याला तिकडे कोण पडू देतंय!"

आणि ती तसं करवून घ्यायला लागली. त्या जाड कोंबड्या एकेक करून शुक्रवारी चिपलासाला जायला लागल्या. चांबो मासे, रताळी, शेंगदाणे, सगळं टोपलीतून. समोर बसून खायला घालायची.

"बस्स, आत्याबाई."

"त्याच्या वाटचा घास आहे तो. गीळ."

"विहीणबाई, पोर फुटेल."

"फुटली तर मग बघू."

लढाई संपली त्याची बातमी आली, तरी घास थांबले नाहीत. जहाजं मिळेनात म्हणे, पोरं तिकडेच अडकलेली. असं वर्षभर चाललं.

मग एका शुक्रवारी लॉरी आली आणि ब्वानाली चिपलासाच्या अंगणात उतरला. काठीसारखा. गालाची हाडं वर आलेली, पट्ट्याला नवी भोकं पाडलेली. आणि ओसरीतून झुहुरा बाहेर आली ती रांजणासारखी. तो तिच्याकडे बघत राहिला. मटेपाबाई दोघांकडे बघत राहिली. पाचव्या वर्षी लेक दिसला, पण पहिलं वाक्य सुनेला.

"त्याच्या वाटचा घासही तूच ठेवून घेतलास."

त्याच दुपारी नेम उतरवला. झुहुराला अंगणात बसवून डोकं भादरलं, आणि मटेपाबाईनं आपल्या हातानं एरंडेल घातलं. भांड्यात थोडं उरलं. सलांजेबाई भांडं घेऊन उभी होती, इतक्या वर्षांचे शुक्रवार तिच्या डोक्यात होते.

"विहीणबाई," ती म्हणली, "वाका."

"माझं काय काढलंय?"

"वाका म्हणते ना."

लेकानं खांदे धरून आईला बसवलं. सलांजेबाईनं काळं फडकं सोडलं. आणि हात तसाच वर राहिला. आत पांढऱ्या केसांची ही एवढी गुंतवळ, कोरडी खडखडीत, कित्येक वर्षांत वस्तरा नाही, तेलाचा थेंब नाही. फडक्याखाली दाबून दाबून त्याची चटई झालेली.

ब्वानाली म्हणला, "आई, आईला नेम नसतो."

"नेम कसला," मटेपाबाई म्हणली. "वेळ मिळाला नाही."

सलांजेबाईनं उरलेलं सगळं तेल तिच्या डोक्यावर ओतलं, आणि वस्तरा मागितला.